बॅग कुणाची?

"बॅग कुणाची आहे?"

एवढंच विचारलं होतं त्या मुलानं. आवाज चढवलेला नव्हता, उलट रात्रपाळीनं दमलेलाच होता. सकाळचे पावणेसहा वाजलेले. लोहगावच्या विमानतळावर आतल्या बाजूच्या एका छोट्या खोलीत आम्ही तिघं उभे होतो, तो, मी आणि अण्णा. मधे स्टीलचं टेबल आणि टेबलावर बॅग. बॅग म्हणजे माझ्या लग्नात कुणीतरी आहेर केलेली, चॉकलेटी रेक्झिनची, एक चाक कायमचं रुसलेली. मी पटकन म्हणाले, "यांची." म्हणताना हात अण्णांकडे केला आणि अर्धं पाऊल मागे सरकले.

तिकिटं दोघांची एकत्र काढलेली होती. त्या बॅगेत माझ्या दोन साड्या होत्या, बाळाची झबली होती, माझा चार्जरही होता. ती चेनही रात्री मीच गुडघा टेकून लावली होती. म्हणजे मराठीत ‘आमची’ म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण तोंडातून आलं ‘यांची’. या एका शब्दानं गेलं वर्षभर मला छळलंय.

निघालो होतो बेंगळुरूला, धाकट्या भावाच्या मुलीच्या बारशाला. आई महिनाभर आधीच उद्यान एक्स्प्रेसनं तिकडे गेलेली. अण्णा मागे राहिले, कारण जानेवारीत बागेत माल पाणी धरत असतो आणि तेव्हा नारायणगावचा द्राक्षवाला घर सोडत नाही. शेवटी चार दिवसांची सवड काढून ते आदल्या संध्याकाळी एसटीनं माझ्याकडे आले. धानोरीत आमच्या दारात उतरले तेव्हा त्यांच्याकडे ही बॅग आणि एक पत्र्याचा गोल डबा. डब्यात काकूनं केलेले बाळंतिणीसाठीचे डिंकाचे लाडू, मोजून पन्नास. बॅगेच्या एका कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, आळीव, बाळंतशेपा, आणि बाळाच्या टाळूला लावायला घाण्यावरचं तेल. मी डबा बॅगेत बसवला, कडेनं साड्या खुपसल्या. अण्णा खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, "इमानात लाडू चालत्यात ना गं?" मी म्हणाले, "लाडवांना कोण काय करतंय!"

पूर्वी विमानतळावर बॅगेची तपासणी डोळ्यांसमोर व्हायची. दारातून आत गेलं की मोठं यंत्र, त्याच्या रबरी झालरीतून बॅग आत शिरायची, पलीकडून बाहेर यायची, मग एकजण तिला प्लॅस्टिकची पट्टी आवळून टाकायचा. हातातल्या पिशव्यांच्या टॅगवर शिक्का. तो शिक्का पुसट उठला तर परत पाठवायचे. २०१७ पासून एकेका विमानतळावरून शिक्के गेले. पुण्याच्या नव्या टर्मिनलमधून २०२४ च्या जुलैत विमानं सुटायला लागली आणि आता तर काउंटरवर बॅग ठेवली की ती पट्ट्यावरून भिंतीआड निघून जाते. पोटात काय चालतं ते आपल्याला दिसत नाही. बॅग आधी यंत्र बघतं. त्याला शंका आली तर पडद्यापुढे बसलेला माणूस बघतो. त्याचंही समाधान झालं नाही तर बॅग आणखी बारकाईनं तपासतात, आणि तरीही गुंता सुटला नाही तर मालकाला बोलावून त्याच्यासमोर उघडतात. हजारो बॅगांमधून इथवर फार थोड्या पोचतात. आमची पोचली.

त्या मुलानं आधी डबा उघडायला लावला. तुपाचा, भाजलेल्या डिंकाचा, जायफळाचा वास त्या ट्यूबलाइटच्या खोलीत असा काही पसरला की त्याचाही चेहरा क्षणभर सैल झाला. "बाळंतीण आहे का घरी?" त्यानं विचारलं. बोलण्यावरून जालन्याकडचा वाटला. खोबऱ्याच्या वाट्या त्यानं बाजूला काढल्या, त्या नेता येत नाहीत. सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते आतल्या आत तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत ते आपोआप तापणाऱ्या मालाच्या रांगेत बसवलंय. अण्णांना हे ऐकून मौज वाटली. जन्मभर फडताळात ठेवलेलं खोबरं असं काही करू शकतं, यावर त्यांचा आजही विश्वास नाही.

मग त्यानं एका दांडीला पांढऱ्या कापडाची छोटी चिंधी लावली आणि बॅगेवरून फिरवली. मुठीवर, चेनवर, आतल्या अस्तराच्या कोपऱ्यात. लग्नघरी बायका पाटाच्या खाचा पुसतात तशी, मन लावून. चिंधी एका यंत्राच्या फटीत सरकवली. पाचसात सेकंद गेले असतील. पडदा लाल झाला.

दुसरी चिंधी. पुन्हा लाल.

"नायट्रेट दाखवतंय," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली बाळंतीण निघून गेली. फोन करून त्यानं कुणालातरी बोलावलं. आणि मग आमच्याकडे बघून विचारलं, बॅग कुणाची आहे?

माझ्या मनात त्या वेळी काय होतं, हे मी नंतर पुष्कळदा चाचपून पाहिलंय. अण्णांनी काही केलं असेल, असं अर्थातच वाटलं नाही. विमान सुटेल, ही काळजी होती. आणि लाज होती, तीही त्यांच्या बॅगेची, तिच्या रुसलेल्या चाकाची, सुतळीनं बांधलेल्या मुठीची. आपण रोज लॅपटॉपची सॅक घेऊन इथून जातो, आपल्याला कुणी असं उभं करत नाही, हा एक बारीकसा माजही होता. हे सगळं मिळून ‘यांची’ झालं असावं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पुढे झाले. "माझी हाय," म्हणाले.

"काका, हात दाखवा."

अण्णांनी उजव्या हाताखाली डावा धरून ओंजळ पुढे केली. देवळात तीर्थ घेताना धरतात तशी, तळवा खोलगट करून. तो मुलगा थांबला. "असे नाही, काका. सरळ." त्यानं स्वतःच त्यांची बोटं हलकेच उलगडली आणि चिंधी फिरवली. बोटांच्या पेरांवर कातरीचे घट्टे, नखांच्या कडेला आयुष्यभराचा काळेपणा. यंत्र पुन्हा वाजलं. तेवढ्यात वरिष्ठ आले होते. त्यांनी हिंदीत काहीतरी विचारायच्या आत या मुलानंच विचारलं, "शेती करता का? खत कुठलं वापरता?"

अण्णा म्हणाले, "तेरा-झिरो-पंचेचाळीस."

मुलगा हसला. त्याच्या घरी मोसंबीची बाग होती. त्यानं वरिष्ठांना समजावून सांगितलं, पण समजलं म्हणून सोडून दिलं नाही, हे मला नंतर फार बरं वाटलं. बॅग पूर्ण रिकामी केली, रिकामी बॅग पुन्हा यंत्रातून गेली, एकेक वस्तू वेगळी पुसली, कागदावर लिहून अण्णांची सही घेतली. शेवटी माझेही हात बघितले. यंत्र गप्प राहिलं.

माझे हात स्वच्छ निघाले.

बेंगळुरूहून परत आल्यावर मी हा किस्सा आमच्या सोसायटीतल्या एका काकांना सांगितला. ते पाषाणच्या एचईएमआरएलमधून निवृत्त झालेले. स्फोटकांवर संशोधन करणारी ही डीआरडीओची प्रयोगशाळा. स्फोटकं ओळखायची एक छोटी पेटीही तिथेच तयार झाली, संशयित कणावर थेंब टाकायचे आणि रंग बदलतो का ते बघायचं. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. पेन्शनरांचं, विद्यार्थ्यांचं म्हणून पुण्याचं कौतुक होतं, पण या गावात स्फोटकांवर पोट भरून, वेळेवर घरी येऊन, संध्याकाळी भाजी आणणारी माणसं पिढ्यान्पिढ्या राहिलीत. काकांनी किस्सा ऐकून मांडीवर थाप मारली. "अहो, तेरा-झिरो-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट! सोरा! पेशव्यांच्या तोफांत हाच होता. तुमचे वडील तो ठिबकमधून सोडतात एवढाच फरक."

मग त्यांनी मला समोर बसवून लाडवांचं शास्त्र सांगितलं. यंत्राला बॉम्ब दिसत नाही म्हणाले, त्याला दिसतो दाटपणा. दोन वेगवेगळ्या ताकदीचे क्ष-किरण सोडून ते अंदाज घेतं की वस्तू हलक्या मूलद्रव्यांची आहे की जड. धातू पडद्यावर निळा, मधलं काही असेल तर हिरवं, आणि कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनची बनलेली प्रत्येक गोष्ट नारिंगी. पोळी नारिंगी, साबण नारिंगी, पुस्तक, चपला, लोणचं, सगळं नारिंगी. आणि स्फोटकंही नारिंगीच. फरक करायचा तो दाटपणावरून, म्हणून नवी यंत्रं दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखी बॅगेभोवती किरण फिरवून आतल्या वस्तूंचे काप पाडतात. आता गूळ, तूप, खारीक, डिंक गच्च वळून पत्र्याच्या डब्यात ठेवले की दाटपणा बरोबर नको तिथे जाऊन बसतो. चॉकलेट, चीज यांचंही तेच. चिंधीचं यंत्र त्याहून हळवं. चिंधी तापवतात, तिच्यावरच्या कणांची वाफ होते, त्या वाफेला विद्युतभार देऊन एका नळीतून पळवतात आणि पलीकडे पोचायला किती मिलिसेकंद लागले ते मोजतात. प्रत्येक पदार्थाची चाल वेगळी. ग्रॅमच्या अब्जांश भागाइतकं काही असलं तरी सापडतं, म्हणजे हात धुऊन निघालेला माणूसही धुतला जात नाही. "छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ना, ती नायट्रोग्लिसरीनची गोळी," काका म्हणाले, "तीसुद्धा याच घराण्यातली."

बॅग खताच्या खोलीत खुंटीला टांगलेली असते, हे मला माहीत होतं. आठ-दहा वर्षं ती तिथेच आहे. पोत्यांवरची पांढरी भुकटी तिच्या शिवणींत जाऊन बसली असणार. यंत्रानं चूक केली नव्हती. त्याला जे सापडलं ते खरंच होतं. फक्त त्यामागची गोष्ट त्याला कळत नव्हती, आणि ती मला माहीत असून मी सांगितली नाही.

कुणाची, हा प्रश्न मात्र त्या मुलाचा नव्हता. विमानाच्या सगळ्या सुरक्षेच्या बुडाशी तोच एक प्रश्न आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं आणि ३२९ माणसं गेली. बॉम्बची बॅग व्हँकूव्हरला काउंटरवर दिली गेली होती, पुढे टोरंटोच्या विमानात चढवायची म्हणून. ती देणारा माणूस स्वतः विमानात बसलाच नाही. बॅग एकटी निघाली. टोरंटोला क्ष-किरणांचं यंत्र तपासणी चालू असतानाच बंद पडलं आणि उरलेल्या बॅगा हातातल्या एका वास घेणाऱ्या यंत्रावर भागवल्या. त्याच दिवशी तशीच दुसरी बॅग टोकियोच्या नारिता विमानतळावर फुटली, सामान चढवणारे दोघे जागीच गेले. तीन वर्षांनी, १९८८ च्या डिसेंबरात, स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर पॅन अॅमचं विमान बॅगेतल्या बॉम्बनं फुटून पडलं, २७० माणसं गेली. तिथेही बॅगेबरोबर कुणी नव्हतं. आपण विमानात बसून कंटाळतो, समोरचा कर्मचारी सांगतो की एक प्रवासी आलेला नाही, त्याचं सामान उतरवायला वेळ लागतोय, आणि आपण चुकचुकतो. तो उशीर त्या दिवसांपासून आलेला आहे.

पण मी वाढले ते एकट्या निघालेल्या सामानावर. फर्ग्युसनला शिकायला आले तेव्हा तीन वर्षं माझा डबा गावाहून एसटीनं यायचा. सकाळी सातच्या गाडीत अण्णा तो ड्रायव्हरच्या मागे बोनेटपाशी ठेवून द्यायचे, कापडी पिशवी, तिच्यावर शाईनं माझं नाव. गाडी शिवाजीनगरला लागली की मी जाऊन उचलायची. माझ्यासारखी दहाबारा पोरं-पोरी तिथे उभी असायची. राजगुरुनगरचे डबे, मंचरचे डबे, सगळ्यांचे वास एकमेकांत मिसळलेले, एखाद्या डब्याचं कालवण सांडून शेजारच्या पिशवीला लागलेलं. कंडक्टर एकेक पिशवी उचलून ओरडायचा, "ही कुणाची?" आणि आम्ही हात वर करायचो. त्या प्रश्नात भूक होती फक्त. तीन वर्षांत मालकाशिवाय आलेल्या माझ्या शेकडो पिशव्यांबद्दल कुणाला काही वाटलं नाही. एकदाच डबा बदलला गेला होता. मी कुणाचीतरी मेथीची भाजी खाल्ली आणि कुणीतरी आईचं मासवडीचं कालवण. माझ्या मते तिचा फायदा झाला. ते स्टँड आता तिथे नाही, मेट्रोमुळे वाकडेवाडीला गेलं.

प्रश्नाचा सूर बदलला तो आमच्या डोळ्यांदेखत. १३ फेब्रुवारी २०१०, शनिवारची संध्याकाळ. कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत कुणीतरी एक सॅक ठेवून निघून गेलं होतं. १७ माणसं गेली, बरीचशी कॉलेजच्या वयाची. मी त्या वेळी कल्याणीनगरला नोकरी करत होते. शनिवारी आमच्यातलं कुणीतरी तिथे हटकून असायचं. फोन लागत नव्हते. रात्री अकरापर्यंत एकेकाचं ‘मी घरी आहे’ येत राहिलं. आमची सगळी माणसं वाचली, आणि आपली माणसं वाचल्यावर जो सुटकेचा नि:श्वास येतो त्याचीही नंतर लाज वाटतेच. त्यानंतर कित्येक महिने मी खुर्ची ओढली की आधी टेबलाखाली वाकून बघायचे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये जंगली महाराज रस्त्यावर छोटे स्फोट झाले, त्यातले काही बॉम्ब सायकलींवर ठेवलेले. पुण्यात सायकलीकडे संशयानं बघायची वेळ आली, आता बोला. त्याच सुमाराला एकदा पीएमटीत सीटखाली बेवारस पिशवी दिसली. मी काही न बोलता पुढच्या स्टॉपला उतरले. बस पुढे गेली. काही झालं नाही, पिशवीत बहुधा कुणाचे तरी दुरुस्तीला दिलेले बूट होते, निदान आकार तसा होता. पण मी कंडक्टरला सांगितलं नव्हतं. स्वतःपुरती उतरले होते.

अर्धं पाऊल मागे सरकायची सवय तिथलीच असणार.

पडद्यापुढे बसणाऱ्यांना सलग वीसेक मिनिटांवर बसवत नाहीत, नजर बोथट होते म्हणून. हजारो बॅगांत काहीच सापडत नाही तेव्हा डोळा ‘काहीच नाही’ हे बघायला शिकतो आणि खरंच काही आलं तरी त्याला ते दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून यंत्र मधूनच एखाद्या साध्या बॅगेच्या चित्रात खोटा बॉम्ब, खोटं पिस्तूल घुसवतं. माणसानं ते ओळखून बटण दाबलं की यंत्र सांगतं, बरोबर, हे खोटं होतं. मला हे कळल्यावर त्या मुलाबद्दल अपार माया वाटली. दिवसभर लोकांच्या पोटात शिरून बघायचं. कुणाची बाकरवडी, कुणाची अस्थींची पिशवी, कुणाचं लग्नाचं रुखवत, सगळं नारिंगी आणि निळं. तरीही समोर माणूस आला की त्याची बोटं हलकेच उलगडायची.

विमानात अण्णांना खिडकी दिली होती. पूर्ण दीड तास ते खाली बघत बसले. ढग लागले तेव्हाही बघत राहिले. त्या खोलीबद्दल चकार शब्द नाही. मीच दोनदा म्हणाले, "अण्णा, त्यांना सगळ्यांचंच बघावं लागतं." ते म्हणाले, "व्हय की, बघायलाच पायजे." पट्ट्यावर बॅग आली तेव्हा ती ओढायला दोघांनी एकदमच हात घातला. चाक रुसलेलंच होतं. बारसं छान झालं. लाडू अठ्ठेचाळीस पोचले. दोन त्या मुलाला दिले होते अण्णांनी, आणि तो ‘ड्युटीवर घेता येत नाही’ म्हणाला तरी टेबलावर ठेवूनच निघाले होते. बेवारस.

यात्रेला गावी गेले तेव्हा पारावर मंडळी बसलेली. मला बघून अण्णांना कथा आठवली, म्हणजे ती त्यांनी आधी वीसदा सांगितलेली असणार, कारण लोक आधीच हसायला लागले होते. गावात आता अण्णांच्या बॅगेला ‘बाँबची थैली’ म्हणतात. ती परत खताच्या खोलीत, त्याच खुंटीला. विमानाचा टॅग मुद्दाम ठेवलाय मुठीला. अण्णा रंगात आले होते. यंत्र कसं लाल झालं, पोरगं कसं टरकलं, वरून सायब कसा पळत आला. "न् मग त्या पोरानं इचारलं, ब्याग कुणाची हाय? तशी ही आमची ताई पुढं झाली. म्हणली, आमची हाय. काय बोलायचं ते माझ्याशी बोला."

सगळे माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले. अण्णाही बघत होते. त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं का त्या दिवशी? डावा कान जरा कमीच आहे त्यांचा. पण मी उभी होते उजवीकडे.

"आसंच झालं ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली आणि पुढचं सांगायला लागले, लाडवांचं.